आधी दाबा, मग फिरवा

लॅपटॉप तापायला लागतो, पंखा घरघरतो आणि तो दुरुस्तीच्या टेबलावर येतो. काम तसं नेहमीचं असतं. तळाचं झाकण काढायचं, पंख्यात साचलेली धूळ झाडायची, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची आणि झाकण परत बसवायचं. सरावलेल्या हाताला तासाभराचंही काम नाही. झाकणाला दहा स्क्रू असतात, त्यातले नऊ सुटतात. दहावा सुटत नाही. स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटतो, पुन्हा लावला की पुन्हा निसटतो आणि तिसऱ्या वेळी टोकाला चांदीसारखी बारीक भुकटी लागून येते. चार पाकळ्यांची खाच आता वाटीसारखी गुळगुळीत झालेली असते. "काका, ह्याचं डोकं आधीच गेलेलं होतं," टेबलापलीकडचा तरुण सांगतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. मागच्या वेळी ज्याने लॅपटॉप उघडला, त्याने निम्मं नुकसान आधीच करून ठेवलेलं असतं.

पुढे काय होतं ते ग्राहकाला सहसा दिसत नाही. कुणी तो कोपरा तसाच उचकटतो आणि प्लास्टिकला तडा जातो. कुणी ड्रिल लावतो आणि लोखंडाचा कीस मदरबोर्डवर सांडतो. कुणी सरळ हात वर करतो आणि लॅपटॉप परत देतो. दोन मिलिमीटर जाडीच्या एका स्क्रूपायी चालू यंत्र कपाटात जातं आणि घरात नव्या लॅपटॉपचा विषय निघतो.

या स्क्रूबद्दल जाहीरपणे बोलायला हवं, कारण त्याचा दोष नेहमी चुकीच्या जागी शोधला जातो. "फारच घट्ट बसवला होता," असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात लॅपटॉपचे स्क्रू मुळात फार घट्ट बसवलेलेच नसतात. लेनोवोच्या थिंकपॅड लॅपटॉपची देखभाल-पुस्तिका कुणालाही वाचता येते. तिच्यात प्रत्येक स्क्रूची जाडी, लांबी, रंग आणि तो किती जोराने आवळायचा हे दिलेलं असतं. दोन मिलिमीटरच्या स्क्रूसाठी त्यात 0.181 न्यूटन-मीटर हा आकडा मिळतो, म्हणजे 1.85 किलोग्रॅम-सेंटिमीटर. दोन बोटांच्या चिमटीत मावणारा हा जोर आहे. याच मालिकेच्या पुस्तिकांत साध्या भाषेतली सूचनाही आहे. प्लास्टिकवर प्लास्टिक बसवताना स्क्रूचं डोकं टेकलं की पुढे फक्त पाव फेरा द्यावा, सर्किट बोर्ड प्लास्टिकवर बसवताना अर्धा फेरा. त्याहून जास्त नाही.

मग स्क्रू अडतो कशाने? पहिलं कारण म्हणजे आट्यांवरचा नायलॉनचा किंवा गोंदाचा पट्टा, बहुतेकदा निळा. लॅपटॉप पिशवीतून, बसमधून, दुचाकीवरून फिरतो. धक्क्यांनी आणि थरथरीने स्क्रू आपोआप ढिले पडू नयेत म्हणून कारखान्यात तो पट्टा मुद्दाम दिलेला असतो. आटे पकडून ठेवणारा गोंद 1953 साली अमेरिकेतल्या हार्टफर्डमधल्या ट्रिनिटी कॉलेजात व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी तयार केला आणि लॉकटाइट या नावाने तो जगभर गेला. तो हवेत ओला राहतो आणि हवा न मिळणाऱ्या धातूंच्या फटीत घट्ट होतो. नायलॉनचा पट्टा असलेल्या स्क्रूंबद्दल थिंकपॅडची पुस्तिका आणखी एक गोष्ट सांगते, जी आपल्याकडे कुणीच पाळत नाही: हा स्क्रू एकदाच वापरायचा, पुन्हा बसवताना नवा घ्यायचा.

दुसरं कारण हवेचं. महागड्या लॅपटॉपचा सांगाडा अनेकदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो आणि स्क्रू पोलादाचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओलावा आला की मॅग्नेशियम हळूहळू खाल्लं जातं आणि पांढरी पूड आट्यांत दाटते. मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजी या पट्ट्यात चार पावसाळे काढलेल्या लॅपटॉपचा कोपऱ्यातला स्क्रू आतल्या भागातल्या कोरड्या हवेतल्या लॅपटॉपपेक्षा जास्त अडतो, त्याचं कारण हे. तळहाताच्या घामाने तेच काम मनगट टेकण्याच्या जागी होतं.

पण ही दोन्ही कारणं मिळूनही स्क्रूचं डोकं गोल करत नाहीत. डोकं गोल करतो तो चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर. म्हणून खरं बोलणं त्याच्याबद्दल आहे.

चार पाकळ्यांच्या खाचेला फिलिप्स म्हणतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंडला राहणारे हेन्री फिलिप्स यांचं हे नाव. मूळ कल्पना जॉन थॉम्पसन यांची होती. फिलिप्स यांनी तिचे हक्क घेतले, तिच्यात सुधारणा केली आणि 1936 साली पेटंटं मिळवली. अमेरिकन स्क्रू कंपनीने असे स्क्रू बनवायचं तंत्र बसवलं आणि जनरल मोटर्सने ते कॅडिलॅक गाड्यांत वापरायला घेतले. तोवर चालणारी एका रेघेची खाच कारखान्यात वेळ खायची, कारण स्क्रूड्रायव्हर नेमका रेघेत बसवावा लागे आणि तो बाजूला सरके. फिलिप्सची खाच निमुळती आहे. टोक आपोआप मध्यावर येतं, त्यामुळे हलत्या पट्ट्यावर यंत्राच्या स्क्रूड्रायव्हरने भराभर स्क्रू मारता येतात. 1940 पर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक स्क्रू-उत्पादकांनी या पद्धतीचा परवाना घेतला होता.

त्याच निमुळतेपणात आजच्या दुरुस्तीवाल्याची अडचण आहे. खाचेच्या भिंती उतरत्या असल्यामुळे फिरवण्याच्या जोरातला काही भाग स्क्रूड्रायव्हरला वर ढकलतो. जोर वाढला की टोक उतारावरून चढून बाहेर येतं आणि येताना भिंतीची कड घासून नेतं. हा स्क्रू बसवणाऱ्याच्या सोयीसाठी जन्मला, उघडणाऱ्याचा विचार त्यात नव्हता. त्याच्याआधी, 1908 साली, कॅनडात पी. एल. रॉबर्टसन यांनी चौकोनी खाच काढली होती. तिच्या भिंती जवळपास उभ्या असल्यामुळे ती फारशी निसटत नाही. 1967 साली अमेरिकेतल्या कॅमकार कंपनीने सहा पाकळ्यांची टॉर्क्स खाच आणली, तिच्याही भिंती उभ्या. लॅपटॉप-उत्पादकांसमोर हे पर्याय कित्येक दशकं आहेत. तरीही बहुतेक लॅपटॉपच्या तळाशी आजही फिलिप्सच असतो, आणि तोही चपट्या डोक्याचा. लॅपटॉप बारीक झाले तशी स्क्रूची डोकीही बारीक झाली आणि खाच उथळ झाली. पकडायला जागाच कमी उरली.

यात आणखी एक गुंता जपानचा आहे. जपानी औद्योगिक मानकाची खाच, जिला जेआयएस म्हणतात, दिसायला हुबेहूब फिलिप्ससारखी असते. पण तिचा तळ वेगळा आहे. फिलिप्सचं टोकदार टोक त्यात आधी तळाला टेकतं आणि पाकळ्या पुरत्या बसतच नाहीत. बोटांना वाटतं नीट बसलंय, आणि फिरवताच निसटतं. जपानी कॅमेरे आणि मोटारसायकलींचे कार्ब्युरेटर उघडणाऱ्या मेकॅनिकांना हा अनुभव जुना आहे. कित्येक जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर खाचेशेजारी एक बारीक ठिपका असतो, तो बघायची सवय लावली तर स्क्रू वाचतो. ओसाकाच्या व्हेसेलसारख्या जुन्या जपानी कंपन्यांचे स्क्रूड्रायव्हर या खाचेसाठीच घडवलेले असतात, आणि ते साध्या फिलिप्स स्क्रूतही चांगले चालतात. लॅपटॉपचं काम रोज करणाऱ्याने असा एक तरी बाळगावा.

आपल्या बाजारातल्या बोलीनेही गोंधळ वाढवला आहे. दुकानात सपाट टोकाला 'मायनस' आणि चार पाकळ्यांना 'प्लस' किंवा 'स्टार' म्हणतात. सहा पाकळ्यांच्या टॉर्क्सलाही स्टारच. "स्टारचा बारीक द्या," असं म्हणून आणलेला स्क्रूड्रायव्हर नेमका कोणता हे नशिबावर सोडलेलं असतं. डेलच्या एक्सपीएस 13 च्या कित्येक मॉडेलांत तळाला टी5 मापाचे टॉर्क्स स्क्रू आहेत आणि मधल्या नावपट्टीखाली लपलेला फिलिप्स. टॉर्क्समध्ये फिलिप्सचं टोक घुसवून फिरवलं की सहाही पाकळ्या एका झटक्यात जातात. त्यात फिलिप्सच्या मापांची, म्हणजे पीएच आकड्यांची, उलटी गंमत: पीएच1 पेक्षा पीएच0 लहान, त्याहून पीएच00 लहान आणि पीएच000 सगळ्यांत लहान. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दोन मिलिमीटरच्या स्क्रूला शून्य नंबर लागतो, अडीच आणि तीन मिलिमीटरच्या स्क्रूला एक नंबर. पण मोबाइल दुरुस्तीच्या स्वस्त संचात दोन-तीन शून्यांची टोकं असतात आणि लॅपटॉपलाही तीच लावली जातात. सैल टोक पाकळीच्या कडेवरच टेकतं, मग कड तुटते.

घरातल्या घरात हे काम करणाऱ्यांचंही असंच होतं. नाशिकच्या टपारियाच्या पकडी आणि स्क्रूड्रायव्हर महाराष्ट्रातल्या कितीतरी इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत असतात, घरोघरी असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. स्विचबोर्डच्या स्क्रूसाठी घेतलेला तो भरवशाचा स्क्रूड्रायव्हर दोन मिलिमीटरच्या खाचेसाठी नाही, एवढंच. लॅपटॉपसाठी वेगळी, बारीक, कडक पोलादाची टोकं लागतात आणि ती झिजतात. झिजलेलं टोक टाकून द्यायचं असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटं टोक घेणं महाग नाही. न्हावी वस्तऱ्याचं पातं बदलतो, तसं दुकानदाराने टोक बदलायला हवं. जुन्या टोकाची कड भिंगातून पाहिली तर गोलाई लगेच दिसते.

आता हाताचं काम. लॅपटॉप बंद करून चार्जर काढायचा आणि तो मांडीवर न घेता पक्क्या टेबलावर, खाली जाड कापड घालून उलटा ठेवायचा. स्क्रूची खाच आधी साफ करायची. धूळ, तेल आणि कधी कधी स्टिकरचा गोंद तिथे दाटलेला असतो. टोक त्या थरावर तरंगतं आणि खाली बसत नाही. सुईने किंवा दात कोरायच्या काडीने खाच मोकळी केली की निम्मे हट्टी स्क्रू हट्टी राहत नाहीत. मग मोठ्या टोकापासून लहानाकडे यायचं. जे सगळ्यांत मोठं टोक खाचेत पूर्ण उतरतं, ते आपलं. खाचेत उभं केल्यावर ते डुगडुगत नसेल तरच माप बरोबर आहे.

स्क्रूड्रायव्हर काटकोनात उभा धरायचा. वरच्या फिरत्या टोपीवर तळहात टेकवायचा आणि दाबायचं. लॅपटॉप वाकेल या भीतीने माणसं दाबत नाहीत, नुसती फिरवतात, आणि तिथेच स्क्रू जातो. उतरत्या भिंती टोकाला जेवढं वर ढकलतात त्याहून जास्त जोर वरून असायला हवा. बारा आणे दाब आणि चार आणे फिरवणं, हे प्रमाण धरायचं. आधी दाबायचं, मग फिरवायचं, आणि पहिला फेरा उलट्या दिशेने, म्हणजे आवळण्याच्या दिशेने, अगदी केसभर द्यायचा. गोंदाची पकड त्या हलक्या झटक्याने मोडते, 'टक' असा आवाज होतो आणि मग स्क्रू सोडवण्याच्या दिशेने निमूट फिरतो. हा आवाज ऐकू येणं हे या कामातलं छोटं सुख आहे.

टोक एकदा निसटलं की थांबायचं. दुसरा प्रयत्न त्याच टोकाने करायचा नाही. नुकसान पहिल्या निसटण्यात होत नाही, चिडून केलेल्या पुढच्या चार-पाच प्रयत्नांत होतं.

डोकं थोडंसंच गेलं असेल तर उपाय सोपे आहेत. रुंद रबरबँडचा तुकडा खाचेवर ठेवून त्यावरून टोक दाबलं की रबर रिकामी जागा भरतं. गॅरेजमध्ये इंजिनचे व्हॉल्व्ह घासायची कुरकुरीत पेस्ट मिळते, तिचा मोहरीएवढा ठिपका टोकाला लावला तर धातूवर धातू पकड धरतो. काम झाल्यावर ती पेस्ट मात्र पुसून काढावी लागते. किंचित मोठं टॉर्क्सचं टोक गोल झालेल्या खाचेत हलक्या हाताने ठोकून बसवणं हा अनुभवी हातांचा उपाय. डोकं झाकणाच्या वर आलेलं असेल तर बारीक पकडीने बाजूने धरून फिरवता येतं, आणि हा सगळ्यांत निर्धोक मार्ग असूनही सगळ्यांत शेवटी आठवतो.

फेव्हिक्विक लावून टोक स्क्रूला चिकटवायची युक्ती ऐकायला छान वाटते. तो गोंद पातळ असतो, डोक्याच्या कडेने आट्यांत उतरतो आणि जो स्क्रू सुटायचा तो कायमचा बसतो. गंज सोडवायच्या तेलाचा फवाराही लॅपटॉपवर मारू नये. ते तेल कीबोर्डपर्यंत पसरतं, काही प्लास्टिकं त्याने ठिसूळ होतात, आणि अडचण गोंदाची असेल तर त्याचा काही उपयोगही नाही.

उष्णतेबद्दल जपून बोलायला हवं. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दहा-पंधरा सेकंद टेकवलं की गोंद मऊ पडतो आणि स्क्रू गरम असतानाच सुटतो. धातूच्या सांगाड्यात हे उत्तम चालतं. पण स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपांत स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये नसतो. प्लास्टिकच्या खुंटीत पितळेचा छोटा खाचेदार नट बसवलेला असतो आणि कारखान्यात तो बसवला जातो तोच गरम करून. ज्या उष्णतेने तो आत गेला त्याच उष्णतेने तो सैल होतो. मग स्क्रूसकट नट गोल गोल फिरत राहतो आणि काहीच सुटत नाही. अशा वेळी झाकणाच्या फटीत जुनं प्लास्टिकचं कार्ड सरकवून झाकण किंचित वर ताणून धरायचं आणि ताण ठेवूनच फिरवायचं. कित्येकदा तेवढ्या ताणाने नट अडतो. लॅपटॉपची बिजागरी ज्या खुंट्यांना धरलेली असते तिथे हे नट सर्रास उखडतात, कारण झाकण उघडण्याचा सगळा पीळ त्यांच्यावर येतो. बिजागरी मोडली असं ग्राहक म्हणतो तेव्हा पुष्कळदा बिजागरी ठणठणीत असते आणि प्लास्टिकच्या खुंट्या गेलेल्या असतात.

उष्णतेचा दुसरा धोका बॅटरीचा. ती बहुतेक लॅपटॉपांत पुढच्या अर्ध्या भागात, तळहात टेकतात त्या जागेखाली असते. त्या बाजूच्या स्क्रूंना आयर्न लावायचं नाही. लिथियम-आयन बॅटरीचा पापुद्रा उष्णतेने किंवा टोचल्याने फाटला तर ती पेट घेऊ शकते, आणि एका स्क्रूसाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

यातलं काहीच चाललं नाही तर शेवटचा उपाय ड्रिलचा. खाचेपेक्षा थोड्या मोठ्या ड्रिलने फक्त डोकं कापायचं. डोकं निघालं की ताण संपतो, झाकण वर उचलता येतं आणि उरलेली काडी पकडीने, कधी बोटांनीही, सहज फिरते. अटी तीन आहेत. बाकीचे सगळे स्क्रू आधी काढायचे, आसपासची भोकं आणि जाळ्या चिकटपट्टीने झाकायच्या आणि धातूचा कण न कण टिपून घ्यायचा. मदरबोर्डवर पडलेला एक कीस पुढे महिन्यांनी लॅपटॉप बंद पाडू शकतो आणि तेव्हा कुणाला आजचा ड्रिल आठवत नाही.

हे सगळं कौशल्य दुकानदाराने शिकावं असं म्हणणं योग्यच आहे. पण सगळा भार त्याच्यावर टाकणं न्यायाचं नाही. स्क्रू कोणता वापरायचा हे तो ठरवत नाही, ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. चांगला स्क्रू निवडणं तिला जमतंही. थिंकपॅडच्या टी480 च्या तळाला सहा स्क्रू आहेत आणि ते सैल केले तरी झाकणातच राहतात, हरवत नाहीत, एकमेकांच्या जागी जात नाहीत. 2021 साली बाजारात आलेल्या फ्रेमवर्क या अमेरिकी लॅपटॉपच्या तळाला असेच न सुटणारे पाच टॉर्क्स स्क्रू असतात आणि स्क्रूड्रायव्हर खोक्यातच येतो.

उलट टोकाचं उदाहरण अ‍ॅपलचं. पाच गोल पाकळ्यांचा पेंटालोब स्क्रू 2009 मध्ये मॅकबुक प्रोच्या बॅटरीला लागला, 2010 मध्ये मॅकबुक एअरच्या तळाला आला आणि मग आयफोन 4 मध्ये. सुरुवातीला त्याचा स्क्रूड्रायव्हर बाजारात मिळत नव्हता. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो इथल्या आयफिक्सिट या दुरुस्ती-संस्थेने 2011 मध्ये त्यावर जाहीर टीका केली आणि पेंटालोब काढून साधे स्क्रू बसवायचा संचच विकायला काढला. आज तो स्क्रूड्रायव्हर कुठेही मिळतो. म्हणजे त्या खाचेने कुणाला कायमचं अडवलं नाही, मधल्या काळात चुकीच्या टोकांनी डोकी मात्र बिघडली. शिवाय त्या काळच्या 13 इंची मॅकबुक एअरच्या दहा स्क्रूंपैकी दोन लांब आणि आठ आखूड असत. ते एका वाटीत ओतून ठेवले आणि परत बसवताना अदलाबदल झाली तर लांब स्क्रू नको तिथे रुततो. कागदावर लॅपटॉपची चौकट काढून त्या त्या जागी स्क्रू चिकटपट्टीने लावून ठेवणारा कारागीर हळू वाटतो, पण तोच बरोबर काम करत असतो.

कंपन्यांचं म्हणणं असं की आत बॅटरी आहे, अनोळखी माणसाने उघडू नये. बॅटरीचा धोका खरा आहे. पण अनोळखी खाच तो कमी करत नाही. माणूस उघडतोच, फक्त चुकीच्या हत्याराने, जास्त जोर लावून, आणि बॅटरीच्या आणखी जवळ. धोका कमी करायचा असेल तर मार्ग थिंकपॅडच्या पुस्तिकेचा आहे: कोणता स्क्रू कुठे, किती लांबीचा, किती जोराने, आणि बॅटरी कधी सोडवायची, हे छापून द्या.

सरकारांना हे कळू लागलं आहे. फ्रान्सने 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर दहापैकी दुरुस्ती-गुण छापणं सक्तीचं केलं आणि ते गुण देताना कोणती हत्यारं लागतात, भाग कशाने जोडले आहेत, याचाही हिशेब होतो. युरोपीय महासंघाच्या बॅटरी नियमांप्रमाणे 18 फेब्रुवारी 2027 पासून लॅपटॉपची बॅटरी ग्राहकाला बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी काढता आली पाहिजे, आणि खास हत्यार लागणार असेल तर ते कंपनीने फुकट द्यायचं.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. पुढे दुरुस्ती-निर्देशांकासाठी नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये अहवाल दिला. त्यात गुण देण्याच्या निकषांमध्ये सुट्या भागांच्या आणि माहितीच्या बरोबरीने हत्यारं आणि स्क्रूसारखे जोड, त्यांचे प्रकार आणि उपलब्धता, हेही नमूद आहेत. ही बारीक नजर कौतुकाची आहे. पण सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून आहे. मोबाइलच्या काचेमागे बहुतांश गोंद असतो. स्क्रूचा प्रश्न सगळ्यांत जास्त ज्याचा आहे त्या लॅपटॉपला रांगेत मागे ठेवू नये. आणि लॅपटॉपचा निर्देशांक होईल तेव्हा उथळ फिलिप्सला कमी गुण, उभ्या भिंतींच्या आणि झाकणातच राहणाऱ्या स्क्रूला जास्त, आणि स्क्रूंचा पूर्ण संच सुटा विकत न देणाऱ्या कंपनीला शून्य, इतकं स्पष्ट लिहावं.

सुट्या संचाचा आग्रह किरकोळ वाटेल, पण आज दुकानांत नवा स्क्रू मिळतच नाही. टेबलाच्या खणात जुन्या, मोडीत गेलेल्या लॅपटॉपांचे स्क्रू एका डबीत असतात आणि त्यातूनच "जमेल तो" लावला जातो. एखादा लांब पडतो आणि कीबोर्डला खालून टेंगूळ आणतो. नाहीतर गोल झालेलाच स्क्रू पुन्हा त्याच भोकात आवळला जातो, पुढच्या माणसासाठी. ग्राहकाने लॅपटॉप परत घेताना तो उलटा करून स्क्रूंची डोकी एकदा पाहावीत आणि एखादं गोल दिसलं तर तिथल्या तिथे विचारावं. कारागिराने तो काढावा, व्हर्नियरवर लांबी मोजावी, तेवढ्याच लांबीचा चांगला स्क्रू शोधून बसवावा, डोकं टेकलं की पुढे पाव फेरा द्यावा आणि हात काढावा.